आमच्या रॅलेची जन्मपत्रिका

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, जिच्यापेक्षा तिची स्टोरी मोठी असते. कुणाकडे पेशव्यांच्या काळातला म्हणून सांगितला जाणारा अडकित्ता असतो, कुणाकडे कलेक्टरसाहेबांनी खूष होऊन दिलेलं फाउंटन पेन. ही स्टोरी कुणी चेक करत नाही. पाहुणे आले की ती चहाबरोबर सर्व्ह केली जाते, बस्स.

आमच्या घरी, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला, सायकल आहे. स्टोरी अशी : आबाजी, म्हणजे माझे आजोबा, चिखल्याच्या मँगनीज खाणीत हजेरीबाबू होते. सोमवारी पहाटे खाणीवर जायचे, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. तिथला गोरा साहेब त्यांच्या इमानदारीवर फिदा होता. विलायतेला परत जाताना तो आपली रॅले सायकल आबाजींना देऊन गेला. मेड इन इंग्लंड, स्वातंत्र्याच्या आधीची. फ्रेमच्या नळीवर दोन छोटे खुंट आहेत, त्यात म्हणे साहेबाची बंदूक अडकवलेली असायची. आम्ही सगळी नातवंडं या बंदुकीवर वाढलो.

गेल्या वर्षी मोठेबाबांनी घराची पडवी पाडून नवं बांधकाम काढलं आणि सायकलचा प्रश्न आला. नागपूरच्या एका हौशी संग्राहकानं फोटो बघून ऑफर दिली. सायकल खरंच इंग्लंडची आणि 1947 च्या आधीची असेल तर पन्नास हजार, इथली असेल तर पाच. त्यानं एक फॉर्मही पाठवला. मेक, मॉडेल, वर्ष, फ्रेम नंबर, मूळ मालक. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस घमासान झालं आणि शेवटी काम माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. घरच्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ, कशातही खोट शोधणं हेच माझं करिअर. लाँग वीकएण्ड होता, रजा जोडली आणि निघाले.

बगळा बघा, पण बगळ्यावर जाऊ नका

जुन्या सायकलचं वय काढणं ही सॉलिड मजेची गोष्ट आहे. गाडीसारखं आरसी बुक नसतं, पण सायकल स्वतःच बरंच काही बोलत असते. आपल्याला तिची भाषा यायला हवी, इतकंच.

पहिली पायरी, मेक. हँडलच्या खाली समोरच्या उभ्या नळीवर कंपनीचा मोनोग्राम असतो. तो पडला असेल तर त्याच्या रिव्हेटची भोकं तरी उरतात. दुसरी खूण पायडलच्या मोठ्या दातेरी चक्क्यात. त्या काळच्या इंग्लिश कंपन्या चक्क्याच्या आतल्या नक्षीत आपली सही करून ठेवायच्या. रॅलेच्या चक्क्यात लांब मानेचा, बगळ्यासारखा पक्षी कापलेला दिसतो. रज या कंपनीची खूण उघडा पंजा. हंबर लांबून ओळखायची तर पुढचा फोर्क बघायचा, दोन्ही बाजूंना जोडनळ्या असतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून चिन्हातही एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफली. जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी असलेल्या आमच्या जिल्ह्याला हे लॉजिक लगेच पटतं.

आमच्या सायकलच्या चक्क्यात बगळे होते. म्हणजे रॅले, यात डाउट नाही. मॉडेलही अवघड नव्हतं. 28 इंची चाकं, सळईचे ब्रेक, ताठ बसायला लावणारं हँडल, लांब आणि मागे झुकलेली फ्रेम. याला रोडस्टर म्हणतात. आपल्याकडे दूधवाल्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांनी जिच्यावर आयुष्य काढलं, ती हीच जात. याच घराण्यातलं 'सुपर्ब' नावाचं उंची मॉडेल असतं तर फोर्कमध्ये बसवलेलं कुलूप आणि हबमधला डायनॅमो सापडला असता. आमच्याकडे तसं काही नव्हतं. साधी रोडस्टर.

आता खरा प्रश्न. कुठली रॅले? कारण रॅले दोन गावांची असू शकते. पहिलं गाव इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. तिथल्या रॅले स्ट्रीटवर 1885 च्या सुमारास सुरू झालेलं छोटं वर्कशॉप फ्रँक बोडेन नावाच्या माणसानं हातात घेतलं आणि त्यातून जगभर सायकली पाठवणारी कंपनी उभी राहिली. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली अशाच बोटीतून यायच्या. मुंबईत वरळीला बिर्लांच्या हिंद सायकल्ससारखे अपवाद होते, पण ते अपवादच.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स आली, तिच्याकडून हर्क्युलस. 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, 1956 मध्ये लुधियानाला हीरो. आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी करार करून पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला कारखाना काढला, सेन-रॅले. तोच बगळा, तशीच घडण, पत्ता वेगळा. रॅलेचं दुसरं गाव हे. पुढे 1980 मध्ये सरकारनं तो कारखाना ताब्यात घेतला आणि कालांतरानं तो बंद पडला. पण आसनसोलच्या हजारो रॅले अजून भिंतींना टेकून उभ्या आहेत आणि त्यातल्या किती तरी स्वतःला इंग्लंडच्या म्हणवून घेतात!

सायकल काय म्हणाली

आमच्या सायकलवर हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर होते की काम सायकलचं कमी आणि उत्खननाचं जास्त वाटत होतं. (आमच्याच जिल्ह्यात पवनीला 1969-70 मध्ये खणून प्राचीन स्तूप बाहेर काढला होता. माझं बजेट मात्र एक बाटली रॉकेल आणि जुनी बनियन एवढंच.) इथे एक टिप. जुन्या सायकलला सँडपेपर लावू नका. खालचा मूळ रंग, सोनेरी रेघा, नंबर, जे काही पुरावे आहेत ते सगळे घासून जातात. रॉकेलचा बोळा, मऊ फडकं आणि भरपूर पेशन्स.

मोठेबाबा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. "साहेबाची गाडी हाये बापा, इंग्लंडची. जपून कर."

सगळ्यात आधी बंदुकीचा निकाल लागला. फ्रेमच्या नळीवरचे ते दोन खुंट हवा भरायचा पंप अडकवण्यासाठी असतात. त्या काळच्या पुष्कळ सायकलींवर ते असायचे. मी हे सांगितल्यावर मोठेबाबा म्हणाले, "साहेब पंपबी ठेवत असन." बंदूक त्यांनी लगेच सोडली नाही.

मग हब. जुन्या इंग्लिश सायकलला मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर लॉटरीच लागली समजा. 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून ही कंपनी हबवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरायची, पुष्कळदा महिनाही. तेल-माती पुसली की जन्मतारीख हातात. अर्थात ती हबची जन्मतारीख; चाक नंतर बदललेलं असू शकतं. आमच्या सायकलला साधं फ्रीव्हील होतं. लॉटरी नाही.

ब्रेकची सळई सोडवायला गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आपणहून एक पुरावा दिला. "बाई, या गाडीले अ‍ॅटलसचा कप बसत नाई. याची चुडीच बारीक हाये. तुह्या आबाजीनं दोनदा खटपट केली होती." चुडी म्हणजे आटे. रॅले खरोखरच आपल्या भागांना इंचाला 26 आटे पाडायची, इतरांचे 24 असायचे. मिस्त्रींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, बोटांनी वाचलं होतं. पण यावरूनही रॅले एवढंच ठरतं, गाव ठरत नाही.

घंटीनं मात्र धमाल उडवली. पितळी टोपणावरचा मेण झालेला मळ काढला आणि अक्षरं दिसली. लुकास, बर्मिंगहॅम, मेड इन इंग्लंड. मोठेबाबा उठून उभे राहिले. ग्रुपवर फोटो गेला, आत्याचे सात अंगठे आले. नागपूरहून 'व्हेरी गुड' आलं.

पण घंटी दोन स्क्रूंवर बसते. ती आज या सायकलवर, उद्या त्या सायकलवर. जुन्या सायकलींचा धंदा करणारे हे बरोबर ओळखून असतात. एक इंग्लिश सीट, एक इंग्लिश दिवा लावला की अख्खी सायकल इंग्लिश होते. म्हणून नियम असा, की सुटणाऱ्या भागांवरून सायकलचं वय ठरवायचं नाही. फ्रेमला चिकटलेलं काय बोलतं ते ऐकायचं.

आणि फ्रेमवरचा मोनोग्राम दुसऱ्या दिवशी बोलला. बगळा स्पष्ट होता, खालची ओळ झिजून सपाट. मी पातळ कागद ठेवला आणि शाळेत नाण्याची छाप काढायचो तशी पेन्सिल आडवी फिरवली. पहिले दोन शब्द अर्धवट आले. शेवटचा नीट आला. इंडिया.

म्हणजे आसनसोल. म्हणजे 1947 च्या आधीची नाहीच, पन्नाशीच्या दशकातली किंवा त्यानंतरची.

मोठेबाबांनी कागद उजेडात धरून दोनदा वाचला. मग म्हणाले, "साहेबानं इथं इकत घेतली असन." खरं सांगायचं तर हे अगदीच अशक्य नव्हतं. तुमसर तालुक्यातल्या या खाणी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर या ब्रिटिश कंपनीकडे होत्या आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं राहिल्या. 1962 मध्ये त्यातून मॉइल झाली. तेव्हा पन्नाशीच्या दशकातही चिखल्याला साहेब असू शकत होता. पन्नास हजार गेले होते, पण स्टोरी अजून जिवंत होती.

तारेत ओवलेली वर्षं

आता प्रश्न नेमक्या वर्षाचा. त्याचं उत्तर निघालं मोठेबाबांच्या लोखंडी पेटीतून, गंजक्या तारेत ओवलेल्या चपट्या बिल्ल्यांच्या रूपात. आपल्या पिढीला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण एके काळी सायकलवर टॅक्स होता! नगरपालिकेत जाऊन तो भरायचा, मिळालेला बिल्ला सायकलला लावायचा. बिल्ल्यावर वर्ष आणि नंबर. लांबून कळावं म्हणून किती तरी ठिकाणी दर वर्षी बिल्ल्याचा आकार बदलायचा. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा डबलसीट, की चौकात शिपाई हवा सोडायला तयार. आबाजी हजेरीबाबू. त्यांनी एकही बिल्ला फेकला नव्हता.

चाळीसेक बिल्ले मी फरशीवर ओळीनं मांडले. गोल, चौकोनी, पानाच्या आकाराचे. सगळ्यात जुना 1955-56 चा. म्हणजे सायकल त्या वर्षी घरात होती. आधीची मर्यादा आसनसोलचा कारखाना, नंतरची मर्यादा हा बिल्ला. मधली फट जेमतेम तीन-चार वर्षांची. टेस्टिंगच्या भाषेत, रेंज क्लोज.

गंमत बघा, हा पहिला बिल्ला मध्य प्रदेशातला आहे. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. 1999 मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला. एवढं सगळं झालं आणि सायकल त्याच पडवीत, त्याच खुंटीखाली.

मी फरशीवर हा हिशेब करत होते आणि आजी पलंगावरून बघत होती. आजी नव्वदीला टेकली आहे. ऐकू कमी येतं, पण दिसतं छान. तिनं विचारलं काय चाललंय. मी जोरात सांगितलं, साहेबानं आबाजींना सायकल कधी दिली ते शोधतेय.

"साहेबानं कायले देईन?" आजी म्हणाली. "साहेबानं घंटी देली. सायकल माह्या बिड्यायची हाये."

मोठेबाबा चहा पीत होते. कप हातातच राहिला.

हजाराचा हिशेब

भंडारा-गोंदिया पट्ट्यात तेंदूपानाचं जंगल आहे आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत बिडीचं काम. आजी लग्न होऊन आली तेव्हा या घरातही सूप मांडीवर घेऊन बायका बसलेल्या असायच्या. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजारावर. ठेकेदार माल बघून खराब बिड्या बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा आला 1966 मध्ये. आजीची सायकल त्याच्या अकरा वर्षं आधी घरात आली होती.

आबाजींचा पगार आई-वडील आणि भावंडांमध्ये संपायचा. खाणीवर जायला सायकल हवी, दुकानदार हप्त्यानं द्यायला तयार, हप्ता कुठून आणायचा? आजीनं रोजचं वळण वाढवलं. दिवसा घरकाम, रात्री कंदिलापुढे बिड्या. "मोठा पोटात होता. दिवाळीच्या अगोदर सायकल आली." मोठेबाबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर फेब्रुवारी 1956. म्हणजे दिवाळी 1955 ची. माझ्या फरशीवरच्या पहिल्या बिल्ल्याशी तंतोतंत.

मला वाटलं, क्रॉसचेक करावं. सवय! विचारलं, हप्ते किती दिवस चालले? ती म्हणाली, सगळे हप्ते आण्यांत फेडले. नवे पैसे आले तेव्हा सायकल मोकळी झाली होती. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. म्हणजे दीड वर्षाच्या आत. कुठल्या तज्ज्ञानं यापेक्षा नेमकं उत्तर दिलं असतं?

कॅरिअरचं कोडंही तेव्हाच सुटलं. सायकलचं मागचं कॅरिअर कंपनीचं नाही, जाड सळईचं, लोहाराकडून करून घेतलेलं आहे. त्याच्या दोन्ही कडांना दोरीनं घासून खोल चरे पडलेत. मला वाटलं होतं धानाची पोती. ती बिड्यांची टोपली होती. रविवारी आबाजी ती बांधून ठेकेदाराकडे पोचवायचे. ज्या सायकलचा हप्ता बिड्यांतून जायचा, तीच बिड्या वाहायची.

मग साहेब? साहेब खरा होता, त्याचं जाणंही खरं. जाताना त्यानं आपल्या सायकलची घंटी काढून आबाजींना दिली. बाकीची सायकल घंटीभोवती हळूहळू साहेबाची होत गेली.

"तू कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तेनं लोकाईले तसं सांगतलं. बायकोच्या बिड्यायवर सायकल घेतली म्हनलं असतं तं हासले असते तेले. मी कायले बोलू?" थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आन मंग कोनं इचारलंच नाई."

सत्तर वर्षं. चार मुलं, नऊ नातवंडं, असंख्य पाहुणे. बंदूक कुठे अडकवायचे हे प्रत्येकानं विचारलं होतं.

तर मंडळी, तुमच्या गावच्या घरी पडवीत अशी एखादी सायकल असेल तर या सुट्टीत बघाच. चक्क्याची नक्षी, मोनोग्रामची खालची ओळ, सीटच्या खाली फ्रेमवर ठोकलेला नंबर, हबवरचे आकडे, पेटीतले बिल्ले आणि पावत्या. शिकायला पुण्यात कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल म्युझियम मस्त आहे. शंभरावर जुन्या सायकली एका छताखाली दिसतात आणि नजर तयार होते. हे सगळं करा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा आणि जोरात विचारा. तिला वर्ष सांगता येणार नाही कदाचित. तेव्हा कोण पोटात होतं, कुठल्या सणाच्या आधी, नाणी कुठली होती, हे ती सांगेल. वर्ष तुम्ही काढा.

आमच्या रॅलेचं काय झालं? मी फॉर्म भरला. मेक रॅले, सेन-रॅले, आसनसोल. मॉडेल रोडस्टर. वर्ष 1955. घंटी इंग्लंडची, बाकी इथली. मूळ मालक या रकान्यात आजीचं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. फॉर्म नागपूरला गेला, पाच हजारांची ऑफर आली. आजीनं विचारलं, एवढ्या पैशाच्या किती हजार बिड्या होतात? मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला, तिनं जुना रेट आण्यांत सांगितला. उत्तर ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, "नोको इकू. एवढ्या कोन वरन?"

मोठेबाबा दोन दिवस गप्प होते. त्यांच्या लहानपणीचा साहेब गेला होता, त्याला तेवढा वेळ लागणारच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींकडून नवे टायर-ट्यूब बसवून घेतले. मी पुण्याला निघाले तेव्हा शेजारचे काका नवी पडवी बघायला आले होते आणि त्यांनी हिरव्या थराखालून निघालेली काळी सायकल बघून विचारलं, "हे साहेबाची तं नोहे?"

"साहेबाची फक्त घंटी," मोठेबाबा म्हणाले. "गाडी बाईची हाये." आमच्याकडे आईला बाई म्हणतात.